आधी नोंद, मग शोध

(नारायणगुडा, हैदराबाद येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाची संहिता)



या सभागृहाबाहेर उभं राहून कुणालाही ‘केशव मेमोरियल कुठे?’ असं विचारलं, तर तो लगेच बोट दाखवील. नारायणगुड्याची ती खूणच आहे. पण हे केशव कोण, असं विचारलं तर उत्तर देणारी माणसं आता थोडी राहिली आहेत. ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर. जन्म 1867, निधन 1932. मराठवाड्यातून आलेले, वकिलीत नाव कमावलेले, निजामाच्या राज्यात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचलेले, आर्यसमाजाच्या कामात आयुष्यभर राहिलेले. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव यांनी 1940 साली वडिलांच्या स्मरणार्थ ही शिक्षणसंस्था उभी केली.

आता समजा, आपल्यापैकी कुणाच्या नातीला या बापलेकांवर शाळेचा प्रकल्प करायचा आहे. ती फोनवर ‘कोरटकर’ टाकील. वडील सापडतील, चिरंजीव अर्धेच सापडतील. कारण विनायकराव गुरुकुल कांगडीत शिकले, तिथली ‘विद्यालंकार’ ही पदवी त्यांना मिळाली आणि पुढे लोक त्यांना विनायकराव विद्यालंकार म्हणूनच ओळखू लागले. ते हैदराबाद राज्याचे मंत्री होते, 1957 साली हैदराबादेतून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचे कागद कुठे एका आडनावाखाली आहेत, कुठे दुसऱ्या. रोमन लिपीत कोरटकर दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून तिथे ते कोरटकर, कोरटकुर, कोरटकिर असं काहीही वाचता येतं. माणूस एक आणि त्याचे पत्ते पाच. ते पाचही पत्ते एकाच घराचे आहेत हे यंत्राला आपण सांगेपर्यंत ठाऊक नसतं.

ग्रंथालयात या अडचणीवर जुना उपाय आहे. विद्यालंकार या नावाने एक कार्ड घालायचं आणि त्यावर एवढंच लिहायचं, ‘कोरटकर, विनायकराव पाहा’. एका ओळीचं कार्ड. पण ते लिहिणाऱ्याला दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे माहीत असावं लागतं, आणि वाचक चुकीच्या खणात हात घालणार आहे हे आधीच ओळखावं लागतं.

आज मला बोलायचं आहे ते या एका ओळीच्या कामाबद्दल. फोन हातात आला म्हणजे माहिती हातात आली, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं आहे की कुणीतरी, कधीतरी, नीट नाव-गाव-तारीख घालून ठेवलेलं असतं तेवढंच यंत्र आपल्याला शोधून देतं. हैदराबादच्या मराठी माणसांनी ते काम अर्धवट टाकलं आहे. आणि ते पुरं करू शकतील अशी माणसं आपल्यात आहेत तोवरच ते होण्यासारखं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांच्या हाताखाली मी हे काम शिकले. सर पुस्तक आलं की पहिल्यांदा मुखपृष्ठ पाहत नसत. मुखपृष्ठामागचं पान उघडत, प्रकाशनाचं साल आणि आवृत्ती बघत, मग प्रस्तावनेच्या खाली लेखकाने गाव आणि तिथी घातली आहे का ते पाहत. कार्डावर लेखक, शीर्षक, साल हे सगळं शाईने. आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने आणखी एक ओळ असे: लोक हे पुस्तक कसं मागतात. शीर्षक लांबलचक, संस्कृतप्रचुर असे. पण वाचक येऊन म्हणे, ‘ते मराठवाड्याच्या देवळांचं पुस्तक द्या.’ सरांनी ‘मराठवाडा, देवळं’ असं पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असे. पुढे कॅटलॉग संगणकावर घेतला गेला तेव्हा ज्या मुलांनी कार्डं उतरवून घेतली त्यांना पेन्सिलीची ओळ उतरवायला कुणी सांगितलं नव्हतं. शाईचं तेवढं आत गेलं. वाचक ज्या शब्दांनी पुस्तक मागायचे ते शब्द बाहेर राहिले. संगणकावर ते पुस्तक आजही आहे, पण देवळांचं पुस्तक मागणाऱ्याला ते मिळत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या शहरात घडलं. या शतकाच्या सुरुवातीला दहा लाख पुस्तकं संगणकावर आणायचा प्रकल्प निघाला. त्यामागे राज रेड्डी होते, संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळवलेले. भारतात त्याला डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया, थोडक्यात डीएलआय, म्हणत. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून प्रा. एन. बालकृष्णन यांनी तो चालवला आणि एक मोठं स्कॅनिंग केंद्र इथे, गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीकडे होतं. हैदराबादच्या ग्रंथालयांतली पुस्तकं पेट्या भरभरून स्कॅनरखाली गेली. मराठी पुस्तकंही गेली. त्या माणसांचे उपकार मी कधी विसरणार नाही. ज्या पुस्तकाची एकच प्रत उरली होती, तीही वाळवीने खाल्लेली, त्याची पानं आज कुणालाही बघता येतात.

पण नोंदी कशा झाल्या ते पाहा. मराठी शीर्षक रोमन लिपीत, ज्याला जसं ऐकू आलं तसं. लेखकाच्या रकान्यात कित्येकदा ‘उपलब्ध नाही’, आणि पुस्तक उघडलं तर दुसऱ्याच पानावर लेखकाचं नाव ठसठशीत छापलेलं. भाषेच्या रकान्यात मराठीच्या जागी हिंदी किंवा संस्कृत, कारण लिपी एकच. पुढे स्वामित्वहक्काचा प्रश्न निघाला, ते संकेतस्थळ बंद झालं आणि त्यातल्या लाखो पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर गेल्या, त्याच चुकीच्या नोंदींसकट. आजही तिथे एखादं जुनं मराठी पुस्तक हवं असेल तर सराईत वाचक काय करतो? शीर्षक पाच प्रकारांनी रोमनमध्ये टाकून पाहतो, लेखकाचं नाव सोडून देतो, नुसतं ‘डीएलआय’ आणि विषयाचा एखादा शब्द टाकतो, आणि मग पानंच्या पानं खाली सरकवत बसतो. मी कित्येक संशोधक विद्यार्थ्यांना हे करताना पाहिलं आहे. स्कॅनिंगवर खर्च झाला, नोंदीवर झाला नाही. मद्रासचे ग्रंथपाल शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. त्यानंतर सत्तर वर्षांनी आपण वाचकाचा वेळ घालवणारी एवढी मोठी व्यवस्था उभी केली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे मला शंकर गणेश दाते यांची आठवण होते. 1943 साली त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ प्रसिद्ध झाली, 1800 ते 1937 या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची. पुढचा भाग, 1938 ते 1950 चा, 1961 साली आला. आजही जुन्या मराठी पुस्तकाचं काही ठरवायचं झालं की अभ्यासक म्हणतात, ‘दाते सूचीत बघा.’ संगणक नव्हता, झेरॉक्स नव्हतं. ग्रंथालयांतून पुस्तकं पाहून टिपणं करायची, त्याच पुस्तकाच्या वेगळ्या आवृत्त्या वेगळ्या ओळखायच्या, आणि मग सगळं विषयवार लावायचं. आज ज्यांच्याकडे एवढी साधनं आहेत त्या आपण 1950 नंतरच्या मराठी पुस्तकांची तशीच एक भरवशाची, पूर्ण, सर्वांना खुली सूची केलेली नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर आला, केतकरांचा ज्ञानकोश आला, मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. हे सगळं मोठं काम आहे. पण हैदराबादेत छापलेल्या मराठी पुस्तकांची आणि नियतकालिकांची यादी द्या म्हटलं तर इसामिया बाजारात जाऊन, मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटांपुढे उभं राहूनच ती करावी लागेल.

आता मी त्या विषयाकडे येते ज्यासाठी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राची नजर पुन्हा हैदराबादकडे वळली. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. समिती हैदराबादलाही येऊन गेली. 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलायला मी उभी नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी ग्रंथालयातली बाई आहे, आणि मला त्यात दिसलं ते हे की एका प्रदेशातली लाखो माणसं एकाच वेळी जुन्या कागदांत आपला पणजोबा शोधायला निघाली होती. माहितीचा एवढा मोठा सार्वजनिक शोध मराठी समाजाने यापूर्वी क्वचितच घेतला असेल.

तो शोध कसा चालला? तहसील कचेऱ्यांतून गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकं निघाली, ज्यांत जन्ममृत्यूची नोंद असे. शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं निघाली, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं निघाली. ती स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावांच्या नावांखाली टाकली गेली. माणूस फोनवर आपलं गाव उघडतो, पानं येतात. पण ती पानांची चित्रं आहेत. हाताने लिहिलेली, बरीचशी मोडीत, काही उर्दूत. त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही. मग गावागावांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा मोडी जाणकारांकडे रांगा लागल्या.

आणि मोडी वाचता आली तरी काम संपत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, निजाम राज्यातल्या एका रजिस्टरात जन्माची तारीख आहे, 5 खुरदाद 1344. हा फसली सन. निजामाच्या राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरात, आझुर महिन्याने सुरू होई. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, आर्दिबहिश्त, खुरदाद, असे महिने. फसली सनात 590 मिळवले की वर्ष सुरू होतानाचं इसवी सन मिळतं. 1344 अधिक 590 म्हणजे 1934. पण खुरदाद एप्रिलात येतो, म्हणजे तोवर इसवी सन बदललेलं असतं. म्हणून ही तारीख एप्रिल 1935 ची. आता कुणी घाईने हा 1344 हिजरी सन समजला तर? हिजरी 1344 म्हणजे 1925-26. माणूस बसल्याजागी दहा वर्षांनी म्हातारा झाला. संगणकाच्या रकान्यात नुसतं ‘1344’ भरलं आणि शेजारी ‘फसली’ हा शब्द घातला नाही, तर पुढे कितीही हुशार यंत्र आणा, त्याला हे कळायला मार्ग नाही. तो एक शब्द लिहायला दोन सेकंद लागतात. तो लिहिला गेला नाही तर पुढच्या पिढीच्या हातून सुटलेली गाठ पुन्हा बांधता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या काळात लोकांच्या बोलण्यात सतत येत होती. ‘हैदराबाद गॅझेटमध्ये आमच्या आजोबांचं नाव आहे का?’ मला हा प्रश्न विचारणारे सुशिक्षित लोक होते. गॅझेटियरमध्ये एखाद्या जिल्ह्याचं वर्णन असतं: जमीन, पाऊस, पिकं, देवस्थानं, कोणत्या जातीचे किती लोक. निजाम राज्याची खानेसुमारी 1881 पासून झाली, तिच्या छापील अहवालांतही आकडे आहेत, घरोघरची नावं नाहीत. आजोबांचं नाव मिळालं तर कोतवाल बुकात मिळेल, शाळेच्या रजिस्टरात मिळेल, जमिनीच्या कागदात मिळेल. कोणत्या कागदात काय असतं, हे ठाऊक असणं ही शोधाची पहिली पायरी आहे, आणि ती शिकवायची जबाबदारी आपण ग्रंथालयवाल्यांनी पार पाडली नाही. लोक हैदराबादपर्यंत येऊन हात हलवत परत गेले. तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात नुसती शहाजहान-औरंगजेबाच्या काळातलीच कागदपत्रं दीड लाखाच्या वर आहेत. तिथे काय आहे आणि काय नाही याची चार पानी मराठी मार्गदर्शिका जरी कुणी केली असती तरी कितीतरी माणसांचं भाडं आणि मजुरी वाचली असती.

यंत्र इथे मदत करू शकतं, आणि करतही आहे. मोडी लिपीला 2014 साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. 2025 साली आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी पानाचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय प्रारूप मांडलं. आपल्याकडच्या ट्रिपल आयटीत भारतीय लिप्यांतली पानं यंत्राकडून वाचून घेण्याचं काम कित्येक वर्षं चाललं आहे. पण रुरकीच्या त्या प्रारूपाला शिकवायला जी पानं लागली ती दोन हजारांच्या थोडी वर होती, आणि त्यांतल्या प्रत्येक पानाखाली ‘इथे असं लिहिलं आहे’ असं जाणकार माणसाने सांगावं लागलं. यंत्राला मोडी येते ती मोडी येणाऱ्या माणसाकडून. कागद कुठून आला हेही माणसानेच सांगावं लागतं. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे असे बावीस खंड झाले. गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवली. कागद कुठल्या घरात मिळाला, कोणत्या अवस्थेत मिळाला, हे ते लिहून ठेवत. आज आपण कागदाचा फोटो काढतो, पण तो कुणाच्या घरातला हे लिहीत नाही.

माहितीचा ठावठिकाणा सुटला की काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण 2018 सालचं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली ती माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याआधी मे महिन्यात आपल्या चांद्रायणगुट्ट्यात याच अफवेने एका तृतीयपंथी व्यक्तीचा जीव घेतला. त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यांतला एक मुळात कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षेसाठी तयार केलेली जाहिरात. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात. मूळ जाहिरातीत ते परत येतात, मूल खाली ठेवतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत हे शेवटचं कापलेलं होतं. एवढंच कापलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं होतं. त्या जुलैत व्हॉट्सअॅपने ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवायची मर्यादा घातली. चांगलंच केलं. पण ती खूण एवढंच सांगते की हे पाठवणाऱ्याचं स्वतःचं नाही. कुणाचं, कुठलं, कधीचं, हे ती सांगत नाही. ते विचारायचं काम आपल्यावरच आहे. आपल्या कॉलनीच्या गटावर, नातेवाइकांच्या गटावर आलेल्या संदेशाखाली ‘हे कुठलं आणि कोणत्या तारखेचं?’ असा प्रश्न टाकणाऱ्या माणसाला आपण खवट समजतो. मी आज इथे त्या माणसाच्या बाजूने उभी आहे.

आता एआयला प्रश्न विचारायची सवय घराघरांत लागली आहे. मुलं विचारतात, आजोबाही विचारतात. उत्तर गोड भाषेत, पूर्ण वाक्यांत येतं. पूर्वी शोध घेतला की दहा दुवे समोर येत आणि कोणतं म्हणणं कुणाचं आहे हे निदान दिसे. आता दहा जणांचं बोलणं एका आवाजात येतं. इंग्रजीत लिहिलेलं भरपूर आहे, म्हणून इंग्रजी विषयांवर ते पुष्कळदा नीट बोलतं. हैदराबादच्या मराठी माणसांविषयी विचारलं तर त्याच्याकडे आहेच किती? आपण जे लिहिलं नाही, टाइप केलं नाही, नोंदवलं नाही, त्याच्या जागी ते अंदाज भरतं, आणि अंदाजाचा आवाज खात्रीच्या आवाजासारखाच असतो. म्हणून उत्तर आलं की लगेच विचारावं, ‘आधार काय? पुस्तक कोणतं, पान कोणतं?’ आधार दाखवला तर तो उघडून पाहावा. नाही दाखवला तर ते उत्तर वहीत उतरवू नये.

आता घरातल्या कागदांकडे येते, कारण तिथेच आपल्या हातात सर्वांत जास्त आहे. हैदराबादेत मराठी माणसाच्या नावाची काय गत होते हे आपल्याला सांगायला नको. इथल्या रीतीने आडनाव आधी येतं आणि त्याचं एक अक्षर होतं. विष्णू नारायण कुलकर्णी शाळेच्या दाखल्यावर ‘के. विष्णू’ होतात, नोकरीत ‘व्ही. एन. कुलकर्णी’, बँकेत ‘के. विष्णू राव’, आणि आधारकार्डावर पुन्हा काहीतरी वेगळं. ही नावं मी उदाहरणादाखल घेतली आहेत, पण तुमच्यापैकी अर्ध्या जणांच्या घरात हीच कथा आहे. माणूस जिवंत असेपर्यंत तो स्वतः जाऊन सांगतो, ‘हा मीच.’ तो गेल्यावर त्याच्या मुलांना शपथपत्रं करत फिरावं लागतं. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. त्या शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण तिथेही आधी खातेदाराचं नावच टाकावं लागतं, आणि सोबत पॅन किंवा जन्मतारखेसारखं काहीतरी. खात्यावर नाव कोणत्या रूपात होतं हे घरात कुणाला ठाऊक नसेल, तर स्वतःच्याच वडिलांचे पैसे समोर असून दिसत नाहीत.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे कळत होतं. मुलकी दाखला ज्या घरांनी जपला त्या घरांना विचारा. निजामाच्या राज्यात पंधरा वर्षांचा रहिवास सिद्ध केल्याशिवाय सरकारी नोकरी नव्हती, म्हणून लोखंडी पेटीत तो दाखला, भाडेपावत्या, शाळेची गुणपत्रकं, जमिनीचा शेतवार उतारा, सगळं एका फडक्यात बांधलेलं असे आणि वर चिठ्ठी असे. आज महाराष्ट्रातल्या शेताचा सातबारा महाभूलेखवर दिसतो. तेलंगणात 2020 साली धरणी आलं आणि 2025 मध्ये त्याच्या जागी भू भारती आलं. संकेतस्थळं बदलत राहणार, पासवर्ड विसरले जाणार. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर यांची जोडी मात्र पुष्कळदा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यातच असते, आणि ती संकेतस्थळावर सहजी मिळत नाही.

फोटोंचंही तसंच. नातवाने आजीच्या अल्बमचे सगळे फोटो स्कॅन करून गटावर टाकले की सगळे अंगठ्याची खूण टाकतात. लग्नातल्या पहिल्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे आजीला सांगता येतं. तिला कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या पणतीला पन्नास वर्षांनी तो फोटो मिळेल, अगदी स्वच्छ, आणि त्यातलं एकही माणूस तिला ओळखता येणार नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करते आहे. घरी गेल्यावर एक फोटो घ्या. त्यातल्या माणसांची पूर्ण नावं, माहेर-सासर, गाव आणि अंदाजे साल देवनागरीत टाइप करा, आणि ते फोटोच्या फाइलच्या नावात घाला, नुसतं गटावर लिहिलेलं उडून जाईल. तारीख फसली असेल तर ‘फसली’ लिहा. घरातल्या माणसांची नावं बँकेत, आधारवर, पेन्शनमध्ये कोणकोणत्या रूपात आहेत, याचं एक पान करून दोन मुलांकडे ठेवा. ज्यांना मोडी येते त्यांनी एका तरी तरुणाला शिकवा. ज्यांना उर्दू येतं, आणि हैदराबादच्या मराठी घरांतून अशी माणसं अजून आहेत, त्यांनी घरातल्या उर्दू कागदांवर पेन्सिलीने दोन ओळी मराठीत लिहा. ज्यांना संगणक येतो त्यांनी मराठी विकिस्रोतावर एक पान तपासून द्या. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं झालेली पुस्तकं तिथे घालता येतात. आणि ज्यांच्याकडे हैदराबादेत छापलेलं मराठी पुस्तक, अंक, स्मरणिका, संमेलनाची पत्रिका असेल, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी मराठी ग्रंथसंग्रहालयात आणून दाखवावी, सोबत ती कुणाच्या घरातली हे सांगावं. नोंद करून घ्यायला मी स्वतः बसेन. कार्डाच्या कोपऱ्यातली पेन्सिलीची ओळ या वेळी सुटणार नाही, एवढं मी तुम्हाला सांगते.